पलीकडची बैठक

१

ठाण्याच्या बाळकुमात भोईरांचं घर कुठे म्हणून विचारलं, तर हल्ली रिक्षावालेसुद्धा डोकं खाजवतात. पण 'बिनफोनवाल्या काकू' म्हटलं की टॉवरांच्या मधल्या बोळात रिक्षा बरोबर वळते. कल्पिता भोईरला या नावाचा मनातून फार अभिमान होता. वरवर ती म्हणायची, "लोक काय, काहीही नावं ठेवतात." पण म्हणताना पाठीचा कणा आपोआप ताठ व्हायचा.

आणि का होऊ नये? ज्या जमिनीवर आज हे टॉवर उभे होते, तिथे तिच्या सासऱ्यांनी भात लावला होता. खाडीकडच्या अंगाला आजेसासऱ्यांनी मिठागरात उभा जन्म काढला होता. जमिनी गेल्या, पैसा आला, टॉवर आले आणि टॉवरांतली माणसं भोईरांना 'गाववाले' म्हणू लागली. लिफ्टमध्ये, दुकानात, पाण्याच्या भांडणात. ज्यांच्या शेतात तुमचं स्वयंपाकघर उभं आहे, त्यांनाच तुम्ही गाववाले म्हणता! कल्पिताला तो शब्द वर्षानुवर्षं काट्यासारखा सलत होता.

म्हणून रुचितानं, तिच्या लेकीनं, पुण्याहून ही कल्पना सांगितली तेव्हा तिनं ती उचलूनच धरली. शनिवारी संध्याकाळी अनोळखी माणसांनी यायचं, फोन दारातच जमा करायचे आणि बसायचं. बोलायचं, खायचं, खेळायचं, गायचं. बस्स. खाली हळदी-बारशांसाठी बांधलेला मोठा हॉल रिकामाच पडलेला असायचा. पहिल्या शनिवारी चार टाळकी आली. आता डोंबिवली-कल्याणहून माणसं यायची, आणि त्याच टॉवरांतली माणसं चपला बाहेर काढून गाववाल्यांच्या सतरंजीवर मांडी घालून बसायची.

नियम एकच होता. फोन पत्र्याच्या पेटीत, पेटीला कुलूप, किल्ली कल्पिताच्या कमरेला. बैठक संपेपर्यंत पेटी उघडायची नाही, कुणी कितीही मागितलं तरी. तिचा स्वतःचा फोनही त्याच पेटीत. एकदा एक मोठा साहेब चिडून लालबुंद झाला होता, पण तिनं किल्ली काढली नाही. शेवटी साहेब खाली बसला आणि जाताना पाया पडून गेला. ही गोष्ट ती दर शनिवारी कुणाला ना कुणाला सांगायचीच.

त्या शनिवारी नयन, तिचा नवरा, काल्हेरला साखरपुड्याला निघाला होता. पांढरा सदरा, गळ्यात साखळी.

"आज तरी चल गो," तो म्हणाला. "मानसं इचारतील ना, बायको कुठं हाय म्हनून."

"सांगा, घरी पाहुणे आहेत."

"कंचे पाहुणे? नाव तरी म्हाईत हाय का त्यांचा?"

"नाही. म्हणूनच तर पाहुणे."

तो हसत हसत गेला. कल्पितानं सतरंज्या अंथरल्या, पेटी मध्यभागी आणून ठेवली आणि आपली नेहमीची जागा धरली. कोठीच्या दाराला पाठ टेकून.

ही कोठी म्हणजे हॉलच्या आतल्या अंगाची खोली. पूर्वी तिथे भात साठवायचे. आता हळदीची मोठी टोपं आणि घडीच्या खुर्च्या पडून असायच्या. तिला दार एकच, हॉलात उघडणारं, आणि कडीही हॉलच्या बाजूनं. खिडकी होती ती शेजारच्या टॉवरची भिंत आली तेव्हा बुजवून टाकली होती.

२

माणसं आली. पहिले आले गुंजाळ सर. चांगदेव गुंजाळ. कल्याणच्या एका शाळेत जन्मभर पीटी शिकवून निवृत्त झालेले, राहायला विठ्ठलवाडीला. छाती अजून परातीएवढी, आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा. दारातूनच म्हणाले, "फोन घ्या बाई. तसाही तो माझं ऐकत नाही."

मग डोंबिवलीची संचिता. घरूनच कंपनीचं काम करणारी, बारीकशी, अबोल मुलगी. फोन पेटीत टाकल्यावरही तिचा हात सारखा पर्सकडे जात होता. त्यानंतर शेजारच्याच टॉवरमधला सुदेश. भिंतीला भिंत लावून राहूनही या घराचा उंबरा त्यानं पहिल्यांदाच ओलांडला होता. ही नोंद कल्पितानं मनात बरोबर करून ठेवली. शिवाय पाच-सात जण आणखी.

"काकू, आणि मध्येच काही इमर्जन्सी आली तर?" सुदेशनं फोन देता देता विचारलं.

"तुमच्या आजोबांच्या काळी इमर्जन्सी येत नव्हत्या का?" कल्पिता म्हणाली.

सगळे हसले. सुदेशही हसला आणि फोन पेटीत गेला. कुलूप लागलं. आपण अगदी वेळेवर बोललो, याचं कल्पिताला बरं वाटलं.

चहा झाला, घावणं झाली. मग रीतीप्रमाणे एकेकानं स्वतःची एक गोष्ट सांगायला सुरुवात केली. गुंजाळ सरांची पाळी आली तेव्हा ते चक्क उभे राहिले.

"माझ्या लग्नातली गोष्ट. मी तेव्हा नवानवा पीटी शिक्षक. दिवसभर पोरांना सावधान, विश्राम, सावधान, विश्राम. झोपेतसुद्धा तेच. मांडवात उभा आहे. अंतरपाट धरलाय. मंगलाष्टकं चाललीत. आणि भटजी म्हणाले…"

आणि इथे कल्पिताच्या पाठीमागे, दाराच्या पलीकडे, माणसं खो खो हसली.

"…सावधान! तसा मी पाय आपटून ताठ उभा! आणि तो पाय नेमका सासऱ्यांच्या पायावर!"

हॉल हास्यानं दणाणला. कल्पिताही हसली, पण तिचं हसू जरा उशिरा आलं. मागे हसले ते कोण? टॉवरच्या क्लबहाऊसमध्ये कुणाचा वाढदिवस असेल. भिंतीला भिंत लागलेली. आवाज येणारच.

एवढं खरं, की त्या हसण्यातही एक आवाज मैदानाच्या या टोकापासून त्या टोकाला जाणारा होता.

३

ती ऐकू लागली. ऐकायचं नाही असं ठरवून ऐकू लागली.

एक बाई आपल्या मांजराचं काहीतरी सांगत होत्या. दाराआड काहीतरी धातूचं पडलं आणि गोल गोल घरंगळत गेलं. कल्पितानं हॉलभर नजर फिरवली. सगळं जागच्या जागी होतं. मग संचितानं पाय लांब केला, त्याला स्टीलचा पेला लागला, तो आडवा झाला आणि गोल गोल घरंगळत पेटीला जाऊन टेकला.

"सॉरी, सॉरी," संचिता म्हणाली.

घुमतोय आवाज, कल्पितानं स्वतःला समजावलं. रिकामी खोली, पत्र्याची टोपं, आवाज घुमायचाच. पण ती शेतकऱ्याच्या घरची होती, बावळट नव्हती. खाडीच्या काठावर उभं राहून तिनं लहानपणी हजारदा साद घातली होती. साद आधी, पडसाद मागून. पडसाद आधी येऊन सादेची वाट बघत बसत नाही.

ती उठली. "खुर्ची आणते," म्हणाली, जरी कुणी मागितली नव्हती. कडी काढून दार उघडलं, दिवा लावला. आत टोपं, खुर्च्या, एका कोपऱ्यात गुंडाळलेल्या जुन्या चटया. हळदीचा आणि धुळीचा वास. आवाजाचं नाव नाही. टॉवरकडच्या भिंतीला तिनं कान लावला. भिंत मुकी होती. क्लबहाऊस नव्हतं, वाढदिवस नव्हता.

तिनं एक खुर्ची उचलली, दिवा मालवला, दार ओढलं. कडी खाली पडली मात्र, दाराआडून पुन्हा बोलणं सुरू झालं. आपण खोलीत शिरल्यावर गप्प झालेली माणसं बाहेर पडल्यावर पुन्हा बोलू लागतात ना, तसं.

खुर्ची ठेवायला ती वाकली तेव्हा संचिता हळूच म्हणाली, "काकू, आत पण एक ग्रुप बसलाय का?"

आतापर्यंत निदान कानांवर तरी ढकलता येत होतं.

"तुला ऐकू आलं?"

"माझ्यासारखाच आवाज आहे एकीचा," संचिता ओशाळून हसली. "सॉरी, सॉरी म्हणाली ती. मी म्हणायच्या आधी."

माणसांना उठवून 'आजची बैठक संपली' म्हणणं काही अवघड नव्हतं. पण सुदेश समोर बसला होता. उद्या टॉवरमध्ये काय सांगेल तो? गाववाल्या काकूंच्या घरात भूत निघालं. काकू घाबरल्या, सगळ्यांना हाकलून दिलं. नाही. कल्पितानं पदर खोचला आणि परत दाराला पाठ लावून बसली.

४

"काकू, आता तुम्ही," सगळे म्हणाले. "तुमचा धवला ऐकायला आलोय आम्ही."

हेही तिच्या अभिमानाचं. लग्नात धवला गाणाऱ्या तिच्या मावशीकडून तिनं ती गाणी लहानपणी तोंडपाठ केली होती. एरवी ती नवरीला हाक मारायच्या धवल्यानं सुरुवात करायची. आज मनात आलं, खाडीचा गावा. भरतीच्या पाण्याला लग्नाचं आमंत्रण देतात तो. वर्षानुवर्षं गायला नव्हता. कुणाला सांगितलं नव्हतं, नुकतंच मनात आलं होतं.

पलीकडे एका बाईनं गायला सुरुवात केली. खाडीचा धवला. तिचाच आवाज, तिचीच हेलकावणारी चाल, वरच्या सुरावर तिचाच तो किंचित चिरकणारा गळा.

कल्पिताच्या हातावर काटा उभा राहिला. पण नवल म्हणजे भीतीच्या खालून आणखी एक भावना वर आली. किती छान गातेय ही! स्वतःचं गाणं तिनं असं कधी ऐकलं नव्हतं. हॉलातली माणसं तिच्या तोंडाकडे बघत होती. तिनं डोळे मिटले आणि गाऊ लागली. पलीकडची एक ओळ पुढे, ही एक ओळ मागे. मग दोन ओळी. अंतर वाढत चाललं होतं. सुरुवातीला श्वासाचं होतं, आता अर्ध्या कडव्याचं झालं होतं. पलीकडची घाईत नव्हती, तिचं गाणं फक्त आधी सुरू झाल्यासारखं पुढे सरकत होतं.

आणि मग पलीकडचं गाणं तुटलं.

काहीतरी जड, मऊ, जमिनीवर आपटलं. मग सगळे एकदम बोलू लागले.

"सर! अहो सर!"

"बाजूला व्हा, वारा घाला!"

"काकू, फोन काढा! अँब्युलन्स… काकू, पेटी!" हा सुदेशचा आवाज.

आणि मग ती बोलली. पलीकडची. शांत, ठाम, जरासा वडीलधारेपणाचा सूर.

"घाबरू नका. उकाड्यानं चक्कर आली असेल. पाणी मारा तोंडावर. पेटी मध्येच उघडायची नसते."

हा सूर कल्पिताच्या चांगल्याच ओळखीचा होता. याच सुरात तिनं त्या मोठ्या साहेबाला खाली बसवलं होतं. या सुराचा तिला अभिमान होता. दाराच्या या बाजूला बसून मात्र तो तिला ऐकवेना.

ती गाता गाता थांबली, ओळीच्या मधोमध.

५

गुंजाळ सर सतरंजीवर मांडी घालून बसले होते. एका हातानं दुसरा खांदा चोळत होते. कपाळ ओलं होतं, पण घाम सगळ्यांनाच आला होता.

"सर, बरं वाटतंय ना?"

"मला? मला काय धाड भरलीय?" सर म्हणाले. "रोज सकाळी काळ्या तलावाला पळत फेऱ्या मारतो बाई. तुम्ही गा."

कल्पितानं कमरेची किल्ली काढली.

पेटीपाशी ती गुडघ्यांवर बसली तेव्हा सुदेश हसला. "काकू! रूल तुमचाच ना?"

ते हसू तिला झोंबलं. आजवर कुणापुढे न उघडलेली पेटी, आणि ती उघडायची कुणासमोर, तर या पोरासमोर. काय सांगायचं? कोठीत कुणीतरी बोललं म्हणून? एवढ्या दिवसांची अब्रू किल्लीच्या एका फेरीत जाणार होती. शरमेनं वर न बघताच तिनं ती कुलपात घातली.

कुलूप उघडलं. आपला फोन शोधून तिनं एकशेआठ लावला.

"पेशंटला काय होतंय?" तिकडून विचारलं.

"छातीत दुखतंय. घाम आलाय. वयस्कर आहेत," ती म्हणाली आणि पत्ता सांगितला.

"कोण वयस्कर?" सर ताडकन उठले. चेहरा रागानं काळवंडला होता. "कुणाच्या छातीत दुखतंय? बाई, मी तुमच्या घरी पाहुणा म्हणून आलोय. चार लोकांत मला मरायला टेकवता? माझा फोन द्या. निघालो मी."

"सर, खाली बसा."

"मी आयुष्यात कुणासमोर…"

वाक्य पुरं झालं नाही. सरांनी छातीवर हात ठेवला. चेहऱ्यावर दुखण्यापेक्षा नवल जास्त होतं. आपल्याच शरीरानं ऑर्डर मोडली याचं नवल. मग ते गुडघ्यात वाकले. सुदेश झेपावला म्हणून डोकं फरशीवर आपटलं नाही.

"सर! अहो सर!" संचिता ओरडली.

"बाजूला व्हा, वारा घाला!" कुणीतरी म्हणालं.

तेच शब्द, तोच क्रम. फक्त पुढचा शब्द या खोलीत कुणी बोललं नाही, कारण अँब्युलन्स आधीच निघाली होती. बोळाच्या तोंडाशी सायरन वाजला तेव्हा सुदेशनं कल्पिताकडे पाहिलं. त्या नजरेत थट्टा नव्हती. त्याहून जास्त अवघड काहीतरी होतं.

सरांना उचललं. आपला फोन उचलून सुदेश बरोबर गेला, संचिताही गेली. उरलेल्यांनी आपापले फोन उचलले आणि चपला शोधत, हळू आवाजात बोलत पांगले. फाटकापर्यंत जाऊन कल्पिता सायरनचा आवाज कापूरबावडीच्या दिशेला विरेपर्यंत उभी राहिली. टॉवरांच्या खिडक्यांत दिवे लागत होते. तिची मान ताठ होती. वाचला माणूस तर वाचला. माझी अब्रू गेली तर गेली.

बऱ्याच वेळानं ती आत आली.

६

पलीकडची बैठक उठलेली नव्हती.

आता आवाज दबके राहिले नव्हते. दार लोटलेलं असावं इतके स्पष्ट येत होते.

"अजून श्वास आहे!" संचिता रडत म्हणत होती. खरी संचिता या घटकेला सरांबरोबर हॉस्पिटलात होती. "काकू, प्लीज! प्लीज!"

किल्ली फिरल्याचा आवाज आला. पेटीचं झाकण आपटलं. 

"रिकामी आहे," सुदेश म्हणाला. "काकू, पेटी रिकामी आहे. आमचे फोन कुठेत?"

"बाहेर पळा कुणीतरी! रिक्षा थांबवा!"

पावलं धावली. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत, पुन्हा या भिंतीपर्यंत. हात भिंतीवरून फिरत होते. चापटी मारत, चाचपत.

"दार कुठाय?" सुदेशचा आवाज पोरासारखा बारीक झाला होता. "काकू, आपण आत आलो ते दार कुठाय?"

कल्पिता हॉलच्या मधोमध उभी होती. तिच्या हातात फोन वाजला. सुदेश होता.

"काकू, पोचलोय आम्ही. घेतलं आत त्यांना. डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत. अजून थोडा उशीर झाला असता तर काही खरं नव्हतं. काकू, तुम्हाला कसं कळलं?"

पलीकडे त्याचाच आवाज भिंती बडवत होता.

"बोलू नंतर," ती म्हणाली. "सर वाचले ना? वाचले म्हण."

"हो काकू. वाचले."

पलीकडे सगळं एकदम गप्प झालं. चापट्या थांबल्या, रडणं थांबलं. कल्पिताच्या लक्षात आलं, ते ऐकतायत. इतका वेळ आपण त्यांना ऐकत होतो. आता ते आपल्याला ऐकतायत.

कडी तिच्या बाजूनं होती. ती काढायची नाही असं शहाणपण सांगत होतं, आणि शहाणपण खरंच बोलत होतं. नयन येईपर्यंत रस्त्यावर जाऊन थांबायचं, पोरगी पुण्याहून फोन करेल तिला काहीतरी सांगायचं आणि उद्या ही खोली पाडून टाकायची. पण आत 'अजून श्वास आहे' म्हणाली होती ती पोर. आणि घरात कुणी अडलेलं असताना भोईरांच्या दाराला कडी, हे तिला सहन होण्यासारखं नव्हतं. तिनं कडी वर केली.

दार तिनं ढकललं नाही. ते आतूनच हाताएवढं उघडलं.

आत दिवा होता, पण विझत आल्यासारखा. हॉलातल्यासारखीच लाल पट्ट्याची सतरंजी दिसली. तिच्यावर माणसांची पावलं, भिंतीशी दाटीवाटीनं उभी. मध्ये कुणीतरी आडवं. चेहरे दिसले नाहीत, किंवा तिनं वर पाहिलंच नाही. कारण फटीतून एक हात बाहेर आला होता.

तिच्या स्वतःच्या हातात होत्या तशाच हिरव्या बांगड्या, अंगठीतला तोच पोवळ्याचा खडा. तळवा वर, बोटं पसरलेली.

मागणारा हात होता तो. या घरातल्या बाईनं आजवर कुणापुढे पसरला नव्हता असा. दाराआड ती गुडघ्यांवर बसलेली असणार, कारण हात खालून आला होता. तिचा श्वास ऐकू येत होता. बोलत नव्हती. मागायचे शब्द तिला येत नव्हते. कल्पिताला ठाऊक होतं, कारण तिलाही येत नव्हते.

कल्पिता वाकली आणि आपला फोन त्या तळव्यावर ठेवला. ठेवताना बोटांना बोटं लागली.

हात गार असता तर सोसलं असतं. तो गरम होता. घामेजलेला, थरथरता, जिवंत.

हात आत गेला, दार लागलं. कल्पितानं पुढच्याच श्वासाला ते सताड उघडलं. टोपं, खुर्च्या, गुंडाळलेल्या चटया, हळदीचा वास.

७

नयन आला तेव्हा जेवणवेळ होत आली होती. बायको हॉलमध्ये मोकळ्या सतरंजीवर ताठ बसलेली दिसली. कोठीचं दार उघडं, आतला दिवा लागलेला.

"काय झाला गो? बाहेर ऐकला, अँब्युलन्स आलेली."

तिनं सरांचं सगळं सांगितलं. कोठीचं सांगितलं नाही.

"मग वाचला ना तो मानूस? तुज्यामुळं वाचला," नयन म्हणाला. आवाजात कौतुक मावत नव्हतं. "टॉवरवाला एक जन फाटकावर भेटला. बोलतो, काकूंनी कमाल केली. पह्यल्यांदा मना हात जोडलं त्यानं. अन् मी काल्हेरवरून फोन करतोय, तू उचलत का नव्हतीस?"

"फोन… आत राहिलाय."

"कोठीत? थांब, रिंग मारतो. कुठं पडलाय कळंल."

"नको," ती म्हणाली. पण तोवर त्यानं नंबर लावला होता आणि कोठीकडे कान देऊन हॉलच्या उंबऱ्याशी उभा राहिला होता.

कोठीत काही वाजलं नाही. नयनच्या हातातल्या फोनमध्ये रिंग जात राहिली. मग कुणीतरी उचलला.

आधी सायरन ऐकू आला. लांबून येणारा, जवळ जवळ येणारा. मग माणसांची गडबड, कुणीतरी म्हणालं, "आली, आली, दार उघडा." आणि मग धाप लागलेला, रडून बसलेला, पण अजून मोडला नव्हता असा एक आवाज आला. नयन त्या आवाजाबरोबर अर्धं आयुष्य जगला होता.

"अहो, मी घाईत आहे इकडे. सरांना नेतायत. वाचतील म्हणतात. मागाहून करते मी."

फोन कट झाला.

नयननं तो कानापासून दूर धरला. सतरंजीवर बसलेल्या बायकोकडे पाहिलं, मग हातातल्या फोनकडे, मग पुन्हा तिच्याकडे. कल्पितानं मान खाली घातली नाही. ती त्याच्या नजरेला नजर देऊन बसली.

आणि ज्या घरात तो जन्मला होता, त्या घराच्या उंबऱ्यावर नयन तसाच उभा राहिला, आत यावं की येऊ नये हे न कळून.